नव्या बाईंना: वर्गातला भेदभाव मोडायची सुरुवात

मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालात, मनापासून अभिनंदन! समतेवर भाषण इतक्यात नको. पहिला आठवडा नुसतं बघा: झाडू कोणाच्या हातात असतो, खिचडीच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज ताट घेऊन खांबाआड बसायची. मला ते दिसायला दोन महिने लागले.

मग एवढंच करा:
- झाडू, पाणी, वाढप यांच्या पाळ्या लावा, मुलगे-मुली एकत्र. हाक आडनावाने नको, नावाने मारा.
- शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात जात पुकारून वाटू नका.
- गोंडी किंवा पारधी बोलणाऱ्या पोराला ‘शुद्ध बोल’ म्हणू नका. त्याचा शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहा. पोर कसं खुलतं बघा!

नवखे हमखास चुकतात ते जातीवरून चिडवाचिडवी झाली की. ज्याला चिडवलं त्यालाच सगळ्यांसमोर उभं करून विचारतात. चिडवणाऱ्याला तिथेच एका वाक्यात थांबवा, बाकीचं दोघांशी वेगवेगळं बोला. मारायचं तर नाहीच. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ त्याला मनाई करतं. (राज्यघटनेतही अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७च आहे.)

गावातून विरोध झाला तर काय, ते दिवाळीनंतर बोलू. आधी पाळ्या लावा.