कॉइल सफाईचे साडेचार हजार देण्याआधी डॅशबोर्डचा कप्पा उघडून बघा

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: २०१५ ची होंडा सिटी, ब्लोअर पूर्ण वाढवला तरी हवा निम्मीच येते, एसी लावला की पहिली दोन मिनिटं ओल्या फडक्याचा वास येतो, आणि वर्कशॉपवाल्यांनी एसीचा हवा गाळणारा फिल्टर न दाखवताच कूलिंग कॉइल (हवा गार करणारा भाग) साफ करायचे साडेचार हजार सांगितलेत. माझ्याकडे याच पिढीची सिटी आहे आणि तिचा एसी फिल्टर मी वर्षानुवर्षं घरीच बदलतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एवढंच तपासा, की हवा कमी येतेय की गरम येतेय? हवा भरपूर आहे पण गार नाही, तर भानगड गॅस, कंडेन्सर किंवा कॉम्प्रेसरकडे. फिल्टर बदलून काही होणार नाही. हवा गार आहे पण जोरच नाही, तर पहिला संशय फिल्टरवर. तुमची केस मला दुसरी वाटते.

फिल्टर असतो डॅशबोर्डच्या डावीकडच्या कप्प्यामागे. तो कप्पा रिकामा करा. त्याच्या बाजूला एक छोटी दांडी अडकवलेली असते, कप्पा हळू उघडावा म्हणून, ती सोडवा. मग कप्प्याच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली लोंबतो. जोर लावू नका, प्लॅस्टिक जुनं झालं की कडक होतं आणि खुंटी तुटली की कप्पा आयुष्यभर खडखडतो. मागे एक आडवं झाकण दिसेल. त्याच्या खिट्ट्या दाबून ते ओढलं की फिल्टर ट्रेसकट बाहेर येतो. ओढायच्या आधी खाली जुना पेपर अंथरा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो. यात हवा वरून खाली ब्लोअरकडे जाते, म्हणून बाण खाली. पण आधीच्या माणसानेच उलटा घातला असू शकतो, तेव्हा ट्रेवरच्या खुणेशी ताडून बघा.

फिल्टर बाहेर काढून मिनिटभर ब्लोअर लावा. एकदम जोरात हवा आली तर तुमचे साडेचार हजार वाचले. फिल्टर न लावता गाडी चालवू मात्र नका. एसी चालू असताना कॉइल ओली असते, धूळ थेट तिच्यावर जाऊन चिकटते, आणि मग खरंच ती साफ करायची वेळ येते.

माझ्या फिल्टरमधून एकदा काय निघालं सांगतो. गाडी गुलमोहराखाली लावायचो. घड्यांमध्ये ती बारीक पानं अक्षरशः दाबून भरलेली, आणि एका कोपऱ्यात कुरतडलेला स्पंज, शेंगदाण्याची टरफलं. उंदराने बाळंतपणाची खोली केली होती! तेव्हापासून गाडी लावताना हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबूनच उतरतो, म्हणजे बाहेरून येणारी वाट बंद राहते. उंदीर पूर्ण थांबतात असा दावा नाही, पण माझ्याकडे पुन्हा बिऱ्हाड झालं नाही.

आता, हवा मारून तोच फिल्टर परत घालायचा का? वर्कशॉपमध्ये सर्रास हेच करतात. वरवरची पानं-धूळ झटकायला हरकत नाही, पण वर्कशॉपच्या हवा मारायच्या यंत्राचा झोत कापडाच्या तंतूंना फाकवतो. शिवाय बऱ्याच फिल्टरच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्यानेच पकडले जातात. धुतलं की तो भार जातो. फिल्टर दिसायला पांढराशुभ्र, कामाला चाळणी. त्यामुळे धुणं तर नाहीच.

साधा पांढरा घ्यायचा की कोळशाचा काळा? साधा धूळ आणि परागकण अडवतो. काळ्यात सक्रिय कार्बन असतो, तो ट्रकचा धूर, गटाराचा वास बराच कमी करतो. रोज हायवेला ट्रकमागे अडकत असाल तर काळा घ्या, नाहीतर साधा पुरे. ऑनलाइन ‘हेपा’ म्हणून जाडजूड फिल्टर विकतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही. गाडीचा ब्लोअर लहान. इतक्या दाट कापडातून हवा ओढताना तो दमतो आणि तुम्ही पुन्हा इथेच ‘हवा कमी येते’ म्हणून लिहाल.

किती दिवसांनी? साधारण वर्षाला एकदा धरा. माझं गणित किलोमीटरवर नाही, पावसावर आहे. मेच्या शेवटी फक्त बॉनेट उघडून काचेखालच्या काळ्या जाळीतली पानं हाताने काढतो, कारण बाहेरची हवा तिथूनच आत येते. नवा फिल्टर पाऊस उघडल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. जूनमध्ये घातलेला कोरा फिल्टर चार महिने दमट हवा पितो आणि कुबट होतो.

वासाचं म्हणाल तर नवा फिल्टर घालूनही आठवडाभर राहू शकतो. घरी पोहोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा. कॉइल सुकते. पंधरा दिवस हे करूनही वास तसाच राहिला, तर मग कॉइल साफ करून घ्या, पण समोर उभं राहून.

आणि हो, डावीकडची पायाखालची मॅट ओली लागतेय का, तेही बघा. लागत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असणार. ते काम वेगळं, त्यात फिल्टरचा काही दोष नाही.