वाचकांचे प्रश्न : छोट्या मूर्तींचे रंगकाम

प्रश्न : पटावरील युद्धखेळांच्या २८ मिलिमीटर मापाच्या प्लास्टिकच्या मूर्ती मी हौसेने रंगवतो. रंग ठरलेल्या कडांबाहेर जात नाहीत, तरीही पूर्ण झालेली मूर्ती सपाट दिसते आणि झग्याच्या चुण्या बुजल्यासारख्या वाटतात. अधिक बारीक ब्रश घेतल्यास फरक पडेल का?

उत्तर : ब्रश बदलून हा दोष जाणार नाही. आपल्या वर्णनावरून रंग दाट लागत असावा आणि सावल्या रंगवायच्या राहून जात असाव्यात, असे दिसते.

दाट रंगाचा उपाय सोपा आहे. बाटलीतला अ‍ॅक्रिलिक रंग थेट मूर्तीला न लावता पॅलेटवर घेऊन पाण्याने पातळ करावा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत, मात्र आधीचा थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. पहिला थर डागाळलेला दिसतो. तेथे धीर सोडून पुन्हा दाट रंगाकडे वळण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाणी अतिशय झाले तर रंगाला धरून ठेवणारा घटक विरळ होतो आणि रंग चुण्यांत ओघळतो. अशा वेळी पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेला तोच धरून ठेवणारा घटक, वापरणे बरे.

सावल्यांचा प्रश्न अधिक खोल आहे. खऱ्या माणसाच्या झग्याची चुणी काही सेंटिमीटर खोल असते, म्हणून तिच्यातला अंधार ठळक दिसतो. मूर्तीवरची चुणी जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असते आणि तिच्यातली सावली इतकी बारीक असते की ती नजरेत भरत नाही. म्हणजे या मापावर निसर्गाची सावली पुरत नाही, ती रंगवणाऱ्यालाच पाडावी लागते, आणि हातभर अंतरावरून ओळखू यावी म्हणून थोडी अतिशयोक्तीही करावी लागते. मूर्ती डोळ्यांजवळ धरल्यावर जो फरक भडक वाटतो, तोच पटावर योग्य दिसतो.

त्यासाठी आधी संपूर्ण मूर्तीला काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, द्यावा आणि तो वाळल्यावर केवळ वरच्या बाजूने पांढऱ्या प्रायमरचा हलका फवारा मारावा. उजेड कोठे पडतो आणि अंधार कोठे राहतो याचा नकाशाच त्यातून तयार होतो. मूळ रंगांवर वॉश, म्हणजे अतिशय पातळ केलेला गडद रंग, द्यावा. तो आपोआप खोलगट भागांत उतरतो, परंतु सपाट भागांवर साचलेली थारोळी ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्यावीत, अन्यथा वाळल्यावर त्यांच्या कडांचे डाग राहतात. शेवटी उंचवट्यांवर मूळ रंगाची उजळ छटा द्यावी. ड्रायब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवणे, केसाळ कातडे आणि साखळीच्या चिलखतावर शोभतो. चेहऱ्यावर मात्र त्याची धूळकट खरड माझ्या नजरेला कधीच रुचलेली नाही.

आता ब्रशाविषयी. अतिसूक्ष्म ब्रशात रंग इतका थोडा मावतो की मूर्तीपर्यंत पोहोचेतो तो टोकावरच वाळू लागतो. उत्तम अणकुचीदार टोक असलेला १ क्रमांकाचा ब्रश बहुतेक सर्व कामांना पुरतो. केस जेथे धातूच्या नळीत शिरतात, तेथवर रंग चढू दिला नाही, तर ते टोक पुष्कळ काळ टिकते.

प्रश्न : मूर्तींचे डोळे नेहमी दचकल्यासारखे का दिसतात?

उत्तर : बुबुळाभोवती सर्व बाजूंनी पांढरा रंग दिसतो म्हणून. बुबुळ ठिपक्यासारखे न काढता वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढावी, आणि शुद्ध पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी किंवा हस्तिदंती छटा घ्यावी. डोळे चेहऱ्याच्या आधी रंगवले, तर बाहेर गेलेला रंग त्वचेच्या रंगाने झाकता येतो. शिरस्त्राणाखालचे डोळे गडद तपकिरी सोडले तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : मॅट (चमक नसलेल्या) वार्निशचा फवारा मारल्यावर मूर्तीवर पांढुरकी झाक आली. रंग पुन्हा द्यावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. दमट हवेत किंवा फार लांबून फवारा मारल्यास वार्निशचा पृष्ठभाग खरबरीत होतो आणि त्यावर उजेड विखुरतो. ब्रशने चकचकीत वार्निशचा पातळ थर दिला की तो खरबरीतपणा भरून निघतो व खालचे रंग बहुतेक वेळा पुन्हा दिसू लागतात. त्यानंतर कोरड्या दिवशी मॅट थर द्यावा, मात्र तलवारी आणि चिलखते त्यातून वगळावीत, कारण मॅट वार्निशखाली धातूच्या रंगांची चमक मरते.