वेलस्ली की वेलिंग्टन? आणि ड्यूक म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आलाय की असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन हा एकच माणूस का, असेल तर आडनाव का बदललं, आणि ड्यूक म्हणजे सरदार की सेनापती?

माणूस एकच, आर्थर वेलस्ली. वेलिंग्टन हे आडनावच नाही, ती पदवी आहे. खरं आडनाव बदललं ते वेगळ्याच कारणाने. हे घराणं आयर्लंडमधलं आणि मूळचं कॉली. आर्थरच्या आजोबांना 1728 मध्ये वेस्ली नावाच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली, म्हणून त्यांनी वेस्ली हे नाव घेतलं, म्हणजे आपल्याकडे दत्तक गेल्यावर आडनाव बदलतं जवळपास तसंच. मग 1798 च्या सुमारास घरच्यांनी त्याचं जुनं, लांबलचक रूप परत वापरायला सुरुवात केली, वेलस्ली. आपण शाळेत तैनाती फौजेच्या धड्यात वाचतो तो लॉर्ड वेलस्ली म्हणजे आर्थरचा मोठा भाऊ रिचर्ड, गव्हर्नर जनरल. मराठीत या दोघांची फार सरमिसळ होते, कृपया टाळा.

आता पदवी. 1809 मध्ये आर्थर स्पेनमध्ये तालावेराची लढाई जिंकला, सरकारने त्याला व्हायकाउंट (सरदारकीच्या उतरंडीतली खालची पायरी, त्याच्या वर अर्ल, मग मार्क्विस आणि सर्वात वर ड्यूक) करायचं ठरवलं, पण तो तिकडे मोहिमेवर, मग नाव निवडायचं काम लंडनला भाऊ विल्यमवर आलं. त्याने सॉमरसेटमधलं वेलिंग्टन हे गाव निवडलं, कारण नाव वेलस्लीच्या जवळचं आणि घराण्याचं मूळही त्याच भागातलं मानलं जायचं. पुढे 1812 मध्ये अर्ल, त्याच वर्षी मार्क्विस आणि 1814 मध्ये ड्यूक. हे सगळं वॉटर्लूच्या आधी बरं का, वॉटर्लू 18 जून 1815 ची. त्यानंतर नेदरलंड्सच्या राजाने त्याला प्रिन्स ऑफ वॉटर्लू केलं, आणि हा किताब घराण्यात आजही चालू आहे.

ड्यूक शब्दाचं मूळ लॅटिन दुक्स, म्हणजे वाट दाखवणारा, फौजेचा म्होरक्या. उत्तरकालीन रोमन साम्राज्यात सरहद्दीवरच्या फौजेचा अधिकारी तो दुक्स. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी स्वतःला दूचे म्हणवून घ्यायचा तो शब्दही ह्याच मुळातला. हळूहळू हुद्दा वंशपरंपरेने जायला लागला आणि लढाईशी संबंध सुटून नुसता मान उरला, इंग्लंडमध्ये 1337 ला पहिला ड्यूक केला तो राजाचा मुलगाच, ड्यूक ऑफ कॉर्नवॉल. म्हणजे मूळ अर्थ सेनापती, आजचा अर्थ राजघराण्याखालोखाल सर्वात वरचा सरदार.

आणि मला ह्यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की आपल्याकडेही अगदी हेच झालंय. नागपूरकर भोसल्यांना शाहू महाराजांकडून मिळालेला सेनासाहेब सुभा हा किताब शब्दशः लष्करी, पण तो बापाकडून मुलाकडे जात राहिला, गायकवाडांचं सेनाखासखेल तसंच. 23 सप्टेंबर 1803 ला असईला (आताचा जालना जिल्हा) शिंद्यांच्या जोडीला होते ते दुसरे रघुजी भोसले सेनासाहेब सुभाच होते, आणि समोरचा वेलस्ली तेव्हा ना ड्यूक ना लॉर्ड, साधा मेजर जनरल. असईसाठी त्याला सरदारकी मिळाली नाही, 1804 मध्ये फक्त सर झाला, आणि तरी म्हातारपणीही आपली सर्वात चांगली लढाई कोणती म्हटल्यावर तो असईचंच नाव घ्यायचा.

म्हणून लिहिताना 1803 च्या प्रसंगात जनरल वेलस्लीच लिहा, वेलिंग्टन 1809 नंतरच. आणि विलिंग्डन वेगळा, सांगलीचं विलिंग्डन कॉलेज आहे ते मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचं, त्यांचा ह्या घराण्याशी काही संबंध नाही. मुंबईत रीगल सिनेमाजवळचं 1865 चं वेलिंग्टन कारंजं मात्र ह्याच ड्यूकच्या नावाचं.