मडकं गार का, हे तिलाही शोधू दे

प्रश्न : ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या एका मुलीला तीव्र बौद्धिक अपंगत्व आहे. ती बोलत नाही. बाष्पीभवनाचा धडा चालू असताना ती मणी ओवत बसते. सहकारी म्हणतात, हात धुवायला शिकवा, विज्ञान कशाला? मी काय करू?

उत्तर : बाई, हात धुणं शिकवाच, पण विज्ञानाच्या तासाला नको. अशा मुलांना वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग कायद्याने दिला आहे, आणि शिक्षणात विज्ञान येतंच.

तुमचं खानापूर तर कुंभारकामासाठी नावाजलेलं. बिनझिलईची, सारख्या आकाराची दोन मडकी आणा, आधी दोन्ही भिजवून घ्या. एकाला बाहेरून प्लास्टिक घट्ट गुंडाळा. सकाळी दोन्हींत सारखंच पाणी भरून सावलीत, वाऱ्याला ठेवा. उघड्या मडक्यातून पाझरलेलं पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. प्लास्टिकखाली ते सुकत नाही. दुपारी दोन्हींतलं पाणी थोडं थोडं सारख्या पेल्यांत काढा आणि तिला बोटं बुडवू द्या.

पण त्याआधी तिला अंदाज करू द्या. माझ्या मते धड्याचा जीव तिथेच आहे. दोन्ही मडक्यांचे फोटो समोर धरा, विचारा, "कुठलं गार?" बोट दाखवेल, नाहीतर नजर वळवेल, ते उत्तरच. सुरुवातीला, उत्तर कसं द्यायचं ते तिला कळावं म्हणून, विचारल्याबरोबर तुम्हीच फोटोकडे बोट दाखवा. मग चार-पाच सेकंद थांबून, गरज पडली तरच मदत करा. तिचा हात धरून फोटोवर ठेवू नका, ते उत्तर तुमचं होतं. फोटोंची जागाही बदलत राहा, नाहीतर ती फक्त उजवीकडचा फोटो निवडायला शिकेल.

अंदाज चुकला तर फारच छान! पुन्हा बोटं बुडवू द्या, पुन्हा विचारा. बाकीची मुलंही हाच प्रयोग करतील. ती तापमापी वाचतील, ही बोटांनी सांगेल. तिला वेगळ्या कोपऱ्यात बसवू नका.

पुढे ओलं फडकं गुंडाळलेली एक बाटली आणि एक कोरडी बाटली ठेवून तोच प्रश्न विचारा. तिथेही जमलं, तर तिला मडकं पाठ नाही झालेलं, गोष्ट कळली आहे. वहीत 'सहभाग चांगला' असं लिहू नका. काय निवडलं, मदत किती लागली, नंतर मत बदललं का, तेवढं लिहा.

हे सगळं मार्चमध्ये करा. तुमच्याकडच्या पावसात हवाच इतकी ओली असते की दोन्ही मडकी जवळपास सारखीच लागतील.