कॅज्युअल्टीत नवीन, त्यात साथ सुरू

अगं, नर्स म्हणून कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, नवीन लागलीस आणि साथीत काय काय सांभाळू विचारतेस; सुरुवातीला छातीत धडधडणारच. आत्ता एवढंच सांभाळ:

१. पीपीई किट (संसर्गापासून बचावाचा गाऊन, मास्क, ग्लोव्ह्ज) काढताना घाई नको. संसर्गाचा धोका घालताना नाही, काढताना जास्त. ड्यूटीवरची जोडीदारीण समोर उभी कर, ती क्रम बोलेल तसंच काढ. घरी लागण नेण्याची भीती त्यानेच बरीच उतरते.

२. किट घालायचं म्हणून पाणी तोडू नकोस. नव्या मुली हमखास हेच करतात; मग चक्कर, लघवीची जळजळ. ब्रेक घेच. ‘मी गेले तर कोण बघेल’ ही काळजी इन्चार्ज सिस्टरची.

३. खाट कुणाला द्यायची, हा निर्णय तुझ्या एकटीचा नाही. रुग्ण लाल (अतिगंभीर, लगेच बघायचा) की पिवळा (गंभीर, पण थोडा थांबू शकेल), यात अडलीस की सीनियरला हाक मार. २०२१च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या खाटा अपुऱ्या पडल्या. ते ओझं अनेकींनी स्वतःच्या माथी घेतलं. तू घेऊ नकोस.

नातेवाईक चिडले तर एकटीने वाद नाही, सिक्युरिटीला बोलाव.

ड्यूटी संपली की वॉर्डाचा ग्रुप म्यूट. झोप उडाली, रडू आवरेना असं दोन आठवडे चाललं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

व्हेंटिलेटरच्या सेटिंगा? त्या पुढच्या महिन्यात बघू.