आठ महिने कपाटात राहिलेली नाणी

मुंबईतल्या मढला मित्राचं जुनं घर पाडताना तुम्ही मेटल डिटेक्टर फिरवलात आणि भिंतीतून पितळी तांब्या निघाला. आत चांदीचे ६३ रुपये आणि सोन्याच्या चार पुतळ्या, म्हणजे जुनी नाणी. ही फेब्रुवारीतली गोष्ट. तुमचं पत्र ऑक्टोबरातलं. नाणी विकता येतील का, ‘जागा माझी, माल माझा’ हे मित्राच्या वडिलांचं म्हणणं खरं का, आणि जवळच्या अक्सा किनाऱ्याच्या वाळूत व पाण्याखाली सापडलेल्या अंगठ्यांचं काय, असं तुम्ही विचारता. अशी पत्रं मला नेहमी येतात आणि प्रत्येकात मालकीचा प्रश्न पहिला असतो.

मालकीचं नंतर बघू. तुमचं सगळं प्रकरण एका अर्जावर अडलंय, आणि तो अर्ज तुम्ही केलेलाच नाही.

१८७८ च्या भारतीय निखात निधी (म्हणजे पुरलेलं, लपवलेलं धन) अधिनियमाचं कलम ४ सांगतं की दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर सापडणाऱ्याने ‘शक्य तितक्या लवकर’ जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किमतीला किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. शिवाय ते सरकारी कोषागारात जमा करायचं, नाहीतर मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. ‘जमिनीत नव्हतं, भिंतीत होतं’ ही मित्राची पळवाट चालणार नाही. कायद्यात ‘जमिनीत किंवा तिला जोडलेल्या कशातही’ असं आहे.

हे केलं नाही तर कलम २० नुसार तुमचा वाटा सरकारजमा होतो, आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सोनाराने नाणी आटवून द्यायची तयारी दाखवली, असं तुम्ही सहज लिहून गेलात. ओळख पटू नये म्हणून वस्तूचं रूप बदलणं याच कलमात बसतं, नुसता तसा प्रयत्न केला तरी. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका.

‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे किती दिवस, हे कायद्यात लिहिलेलं नाही. तुमची उरलीसुरली आशा तिथेच आहे. उशिरा कळवणं आणि न कळवणं एकच का, यावर वकील भांडू शकतो. पण एप्रिलमध्ये तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फोटो टाकून भाव विचारलात. किंमत आहे हे ठाऊक होतं, याचा पुरावा तुम्हीच तारखेसह तयार केलात. अहो, एक साधा अर्ज! तो त्याच आठवड्यात दिला असतात, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. आता वांद्रे पूर्वेला मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. उशिराचं कारण खरं लिहा. मागची तारीख तर मुळीच घालू नका. मात्र हा अर्ज तुमच्या विरुद्धही वाचला जाऊ शकतो, म्हणून सही करण्याआधी फौजदारी वकिलाला दाखवा.

आता मालकी. तुमच्या यादीत १८४० आणि १८६२ चे राणीछाप रुपये आहेत, पण एक सहाव्या जॉर्जचा, १९३८ चा. माझी नजर त्याच्यावर थांबली. तांब्या १९३८ च्या आधी बंद झालेला असूच शकत नाही, म्हणजे तो शंभर वर्षांच्या आतला. अशा वेळी ‘आमच्या आजोबांनी ठेवला’ म्हणणाऱ्याला दिवाणी दावा लावण्यासाठी जिल्हाधिकारी मुदत देतात. मित्राच्या वडिलांचा खरा हक्क असलाच तर वारस म्हणून, निव्वळ जागामालक म्हणून सगळ्यावर नाही. निधी बेवारस ठरला, जागामालक म्हणून ते एकटेच पुढे आले आणि तुमच्यात करार नसला, तर तीन चतुर्थांश तुमचा आणि उरलेला त्यांचा. करार असेल तर करारच चालतो.

तेव्हा बसून लेखी करार करा. जाहीर सूचनेनंतर सुनावणीलाच किमान चार महिने जातात. त्यावर दिवाणी दावा आला, तर आपल्या कोर्टांच्या गतीने तुमची मुलं तारखांना जातील. हे माझ्या अशिलांच्या घरांत मी पाहिलंय आणि मला त्याची चीड आहे. वडिलांना हेही सांगा की लपवायला साथ देणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सरकारने निधी घ्यायचं ठरवलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. संग्राहकांचे भाव विसरा.

अंगठ्यांचं थोडक्यात. त्या लपवलेल्या नाहीत, हरवलेल्या आहेत. हा कायदा बहुधा लागत नाही. पण मालक शोधण्याचा प्रयत्न न करता ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहाराचा गुन्हा ठरू शकतो. विसर्जनात मूर्तीच्या अंगावर राहून गेलेला दागिना असेल, तर मालक शोधणं मुळीच अवघड नाही. हद्दीच्या पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. भरतीरेषेखालचा समुद्रतळ तर राज्याच्या जमीन महसूल संहितेनुसार सरकारचा आहे, आणि प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे देशाच्या हद्दीतल्या समुद्राच्या, तळातल्या मौल्यवान वस्तू संविधानाच्या अनुच्छेद २९७ ने केंद्राच्या. तिथे परवानगीशिवाय शोध थांबवा. अक्साला दरवर्षी माणसं बुडतात, यासाठीही थांबवा.

आणि तो तांब्या आईने घासून देवघरात ठेवलाय म्हणता. तोही निधीचाच भाग आहे. त्यांना समजावून मागून घ्या, आता आणखी घासू नका, आणि अर्जातल्या यादीत त्याचंही नाव लिहा.