रात्री डॉक्टर फोनवरून ऑर्डर देतात. रजिस्टर्ड नर्सची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत?

तुम्ही लिहिलंय की नुकतंच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालात, खाजगी हॉस्पिटलात नाईटला एकट्याच असता, डॉक्टर घरून फोनवर औषध सांगतात. काही बिघडलं तर जबाबदार कोण? दोघंही. औषध ठरवणं त्यांचं काम. पेशंटकडे बघणं तुमचं, आणि त्याला कुणाची ऑर्डर लागत नाही. याच मुद्द्यावरून मी एक नोकरी सोडलीय.

१९९८ चा ऑक्टोबर. रत्नागिरी जिल्ह्यातलं पंधरा खाटांचं खाजगी हॉस्पिटल. भातकापणी चालू होती. रात्री आठला एका बाईंना रिक्षातून आणलं. भाताचा भारा उचलताना बोटाला काहीतरी टोचलं होतं, जनावर कुणी बघितलं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला. "काटा असेल, टीटी दे, सकाळी बघतो." टीटी म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन. दिलं. दंडावर कापूस दाबून पुढच्या पेशंटकडे गेले.

अर्ध्या तासाने परत आले तर कापूस लाल भिजलेला. दुसरा लावला, तोही भिजला. एवढ्याशा सुईचं भोक, पण रक्त थांबेना. सूज मनगटाच्या वर सरकली होती आणि चूळ भरली तर पाण्यात रक्ताची रेघ. कोकणात ड्यूटी केलेल्या सिस्टरला हे दिसल्यावर आधी फुरसं हा विषारी सापच आठवतो. त्याच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं. मी कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेतलं, टेबलावर उभं ठेवलं आणि वॉर्डातल्या मामांना सांगितलं, टेबलाला धक्का लागता कामा नये. २० मिनिटांनी नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं.

पुन्हा फोन. "सर, रक्त गोठत नाहीये, तुम्ही या." चिडले, पण आले. सर्पविषावरच्या लसीच्या १० व्हायल त्यांच्या ऑर्डरने सलाईनमधून गेल्या. लसीची रिअ‍ॅक्शन येऊन अंगावर गांधी उठल्या तर मांडीत द्यायला अ‍ॅड्रेनालिन काढून मी त्यांच्यासमोर ट्रेमध्ये ठेवलं आणि तासभर खाटेपासून हलले नाही. चौथ्या दिवशी बाई चालत घरी गेल्या.

आणि आमच्या इनचार्ज सिस्टर मला ओव्हरच्या वेळी, म्हणजे ड्यूटी बदलताना, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "टेस्ट करायला तुला कुणी सांगितलं? आता नर्सेस निदान करणार का?"

मी निदान केलं नव्हतं. केसपेपरवर 'फुरसं' हा शब्द माझ्या अक्षरात कुठेही नाही. मी लिहिलं होतं: ८.५०, टीटीच्या जागेचं रक्त थांबत नाही. ९.१५, नळीतलं रक्त गोठलं नाही. ९.२०, डॉक्टरांना कळवलं. लस मी आपल्या मनाने लावली असती तर इनचार्ज सिस्टरचं म्हणणं बरोबर होतं. पण डोळ्यांना दिसलेलं सकाळपर्यंत दाबून ठेवणं याला कामाची मर्यादा म्हणत नाहीत, त्याला हलगर्जीपणा म्हणतात. माझं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे आणि तिथे उत्तर मलाच द्यावं लागतं, इनचार्जला किंवा मालकाला नाही. महिनाअखेरीस मी राजीनामा दिला.

तुमच्या फोन ऑर्डरचं म्हणाल तर ऐकताना लिहा, डॉक्टरांना परत वाचून दाखवा, वेळ टाका, सकाळी सही घ्या. सही टाळणाऱ्या डॉक्टरांची पुढची ऑर्डर फोनवर घेऊ नका. डोस पटला नाही तर विचारा, आणि पोटॅशियम क्लोराईड शिरेतून थेट ढकलायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, त्याने हृदय थांबतं. नोकरी जाईल का? जाऊ शकते. माझ्यावरही तीच पाळी आली.

एक सांगायचं राहिलं. ही जुनी गोष्ट आहे, तुमच्याकडे लेखी प्रोटोकॉल असेल तर आधी तो बघा. मीही त्या रात्री टीटीची घाई करायला नको होती. साप असण्याची शंका असेल तर आधी रक्त तपासायचं, स्नायूत सुई नंतर. आणि नळी काचेचीच हवी. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली घेतली तर चांगलं रक्तसुद्धा गोठेलच असं नाही.